शब्द धरून बसलेले सूर्यवंशी पाळक

'देव दयाळू आहे' हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे. कोणी ते गहिवरून म्हणतं, कोणी डोळे मिटून, कोणी समोरच्याच्या खिशाकडे बघून. सूर्यवंशी पाळक हे वाक्य रेशन दुकानदारानं 'साखर आली नाही' म्हणावं तसं म्हणायचे. आवाजात चढ नाही, उतार नाही, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. ऐकणाऱ्याला आधी वाटायचं, यांचा स्वतःचा विश्वास नसावा. मग वाटायचं, यांना ताप असावा. खरं काय ते कळायला मला बराच काळ लागला, आणि मी तर भिंतीपलीकडचा शेजारी.

भिंत म्हणजे खरोखरची भिंत. लातुरात आमचं तेलाचं दुकान आणि त्याच्यामागं घर. घराच्या मागच्या अंगणाची भिंत तीच चर्चच्या आवाराची भिंत. अलीकडे आम्ही लिंगायत वाणी, गळ्यात इष्टलिंग आणि गल्ल्यावर बसवेश्वरांचा फोटो. पलीकडे पत्र्याच्या छपराचं चर्च, त्याला धरून असलेली ख्रिस्ती घरं आणि दोन खोल्यांत एकटे राहणारे शांतवन सूर्यवंशी. हुद्द्यानं ते पाळक, म्हणजे त्या मंडळीचे धर्मगुरू. आमची गल्ली त्यांना पाद्रीबाबा म्हणायची.

बाबा उंच होते, पाठीत जरा वाकलेले. पांढरा गळाबंद कोट रोज धुऊन घालायचे. दुष्काळात पाणी मिळेना तेव्हा नुसती कॉलर धुवायला लागले. जेवणात भाकरी आणि पिठलं. पिठलं खारट झालं तरी तेच, अळणी झालं तरी तेच. आमची आई एकदा सणाला पुरणपोळी देऊन आली आणि मागाहून विचारलं, "कशी झाली होती, पाद्रीबाबा?" ते थोडा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "होती." आईनं त्यानंतर वर्षभर काही पाठवलं नाही.

त्यांची एक खोड मात्र गल्लीला जड जायची. आमच्याकडे 'येतो' या शब्दाला काही वजन नसतं. 'येतो की', 'येऊ', 'बघू', 'आलोच' हे सगळे न येण्याचे प्रकार. पाळक 'येतो' म्हणाले की यायचे. एकदा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते म्हणाले, "उद्या सकाळी दिव्याचं तेल न्यायला येतो." दुसऱ्या दिवशी अण्णा मुरुडला करडई बघायला गेले. दुकान बंद. पाळक पायरीवर बसले. ऊन पायरीवर आलं, तेही उन्हात बसून राहिले. अण्णा संध्याकाळी परत आले तर हे तिथंच.

"अहो, घरी जायचं की. तेल कुठं पळून चाललं होतं?" अण्णा म्हणाले.

"येतो म्हणालो होतो."

"म्या कुठं म्हणालो होतो, असतो म्हणून?"

"तुम्ही नव्हता म्हणाला," पाळक म्हणाले. "मी म्हणालो होतो."

अण्णांनी तेल दिलं, आणि त्या दिवसापासून पाळकांना काही विचारताना ते जपून विचारू लागले.

या माणसाला लातूरला कोणी आणलं, तर योसेफदादा लोंढे यांनी. दादा निवृत्त कंपाउंडर, मंडळीचे मुख्य पंच, रेणापूरला थोडी शेती आणि बोरीची बाग. गोल चेहरा, मोठा आवाज, नाकात तपकीर. पाळकांची गोष्ट दादांनीच मला आमच्या दुकानात पोत्यावर बसून सांगितली.

"बसवराज, माझ्या पुतणीचं लगीन व्हतं नांदेडला. पाळकसाहेब तवा तिथं व्हते. लगीन संध्याकाळचं. आन त्याच दिवशी पहाटे साहेबांची बायको गेली. सुलूबाई. लई दिवस आजारीच व्हती. दुपारी माती दिली. आमी म्हणलं, आता लगीन पुढं ढकलू, न्हाई तर दुसरा पाळक बघू. संध्याकाळी बघतो तर साहेब कोट घालून दारात. कोपराला माती तशीच. म्हणाले, शब्द दिलाय. आन लावलं लगीन. सुखादुःखात साथ देशील का, म्हणून विचारलं पोराला, तसंच, ह्याच आवाजात. मंडपातली बाया-माणसं रडून राहिली, नवरी रडून राहिली, म्या रडलो. साहेब न्हाई रडले. जेवायला बी थांबले. थांबतो म्हणाले व्हते ना."

दादांनी तपकीर ओढली. "त्याच दिवशी म्या ठरवलं, हा माणूस लातूरला पायजे."

तर त्या दिवसापासून पाळक असे होते.

त्या सुमारास लातूर उस्मानाबादपासून सुटून स्वतंत्र जिल्हा झालं. गुलाल एवढा उधळला, की गाढवंसुद्धा गुलाबी झाली. आणि लगोलग पावसानं तोंड फिरवलं, त्यामुळे तो गुलाल धुवायला पाणी नाही. माणसं कानात जिल्ह्याचा गुलाल घेऊन टँकरच्या रांगेत उभी. सुरुवातीला रांगेत भांडणं व्हायची, घागरी फुटायच्या. पुढं पुढं भांडणंही थांबली. बाया घागर ठेवून बसायच्या आणि समोर बघत राहायच्या. मांजरा नदीच्या वाळूत खड्डे, खड्ड्यांत माणसं. एखादं पोर रडलं तर आई त्याच्याकडे बघायचीही नाही. मी स्वभावानं बडबड्या, मुडद्याला हसवेन अशी माझी ख्याती. पण त्या उन्हाळ्यात मी रांगेत चार विनोद केले आणि एकही माणूस हसला नाही. पाळक मात्र त्या रांगेत शोभून दिसायचे. सगळं गाव त्यांच्यासारखं झालं होतं.

मला नव्या जिल्ह्याच्या पाणीपुरवठा कचेरीत कारकुनी मिळाली होती. तिथं अभियंता म्हणून कोकणातून नवगावकर साहेब आले. गोरे, टक्कल पडलेले, बोलण्यात गमतीदार. टँकर त्यांच्या हाताखाली, म्हणजे तेव्हा जिल्ह्यात त्यांच्यापेक्षा मोठा माणूस नाही. पहिल्याच आठवड्यात कळलं, की साहेब शनिवारी कामाला हात लावत नाहीत. कामाचा शनिवार असला तर रजा टाकतात, घरात चूल पेटवत नाहीत, गाडीत बसत नाहीत. आमच्या हेडक्लार्कनं निदान केलं, "साहेब शनिवार पाळतात. साडेसाती असंल." झालं. पुढच्या शनिवारी सगळी कचेरी वर्गणी काढून साहेबांच्या दारात. रुईच्या पानांची माळ, शेंदूर आणि आमच्याच दुकानातलं बाटलीभर तिळाचं तेल, मारुतीला घालायला.

साहेबांनी माळ हातात घेतली, तेलाचा वास घेतला आणि पायरीवर बसून पोट धरून हसले. मग आम्हाला आत घेतलं. "अरे, मी बेने इस्राएल. ज्यू म्हणा, यहुदी म्हणा. आमचे वाडवडील कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. तुम्ही तेल आणलंत ते बरोबर घरी आणलंत. फक्त मारुती चुकला."

घरी मी हे सांगितलं तेव्हा अण्णांना बाकी कशाचंच नवल वाटलं नाही. "हप्त्यातून एक दिवस घाणा बंद?" ते म्हणाले. "मग धंदा कसा केला?"

मी मात्र ही बातमी घेऊन भिंतीशी गेलो. पाळक तांब्याभर पाण्यात कॉलर धूत होते.

"पाद्रीबाबा, आमच्या कचेरीत एक इस्राएल साहेब आलेत."

हात थांबला. "इस्राएल देशातून?"

"न्हाई हो, अलिबागकडून. मासे खाणारे. ते सांगतात, लई जुन्या काळी गलबत फुटलं आन वाचले ते कोकणात राहिले."

पाळकांनी ओली कॉलर तशीच चढवली, कोट घातला आणि भर दुपारी कचेरीकडे चालू लागले. मी मागं पळालो. असला खेळ चुकवणारा मी नव्हे.

"आपण इस्राएल?" पाळकांनी टेबलासमोर उभं राहून विचारलं.

"बेने इस्राएल. बसा ना."

पाळक बसले नाहीत. "मी तीस वर्षं तुमच्याविषयी बोलतोय. पहिल्यांदा बघतोय."

साहेबांना मजा वाटली. "मग? कसा वाटतो?"

पाळकांनी त्यांना टकलापासून बुटापर्यंत नीट पाहिलं. प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायचं, दुसरं काही त्यांना यायचं नाही. "तहसीलदारासारखे दिसता."

"आणि तीस वर्षं काय बोलत होता माझ्याविषयी?"

पाळक उभेच. 

"चांगलं नाही," ते म्हणाले.

साहेबांचं हसू जरा आवरलं. "चहा घेणार ना तरी?"

ते चांगलं नसलेलं काय, ते मी भिंतीआडून ऐकलेलं होतं. येशूला क्रुसावर दिलं त्या शुक्रवारी, ज्याला ते उत्तम शुक्रवार म्हणतात, चर्चमध्ये दरवर्षी एक ठरलेलं प्रवचन व्हायचं. देवानं अब्राहामाच्या वंशाशी, म्हणजे यहुद्यांशी, करार केला, त्यांना आपली प्रजा म्हटलं. पण त्यांनी येशूला नाकारलं, म्हणून देवानं त्यांना टाकलं, करार मोडला आणि तो मान आता आपल्या मंडळीला दिला. जुन्या लोकांच्या जागी नवे लोक. पाळकांच्या आधीचे पाळक हेच सांगायचे, त्यांच्या आधीचेही. ऐकणाऱ्यांना ते आवडायचं. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेली ती माणसं. त्यांना कोणीतरी पहिल्यांदा सांगत होतं, की देवानं मोठ्या घरातल्यांना उठवून त्या पाटावर तुम्हाला बसवलं.

त्या दिवसानंतर दर शुक्रवारी सूर्य मावळताना पाळक साहेबांच्या बिऱ्हाडी जाऊ लागले. साहेब एकटे राहायचे. बायको पनवेलला, मुलगा इस्राएल देशात. यहुद्यांचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच लागतो. साहेब काचेच्या भांड्यात तेलाचा दिवा लावायचे, अनोळखी भाषेत काही म्हणायचे, आणि दोघं बसून राहायचे. तेल पोचवायच्या निमित्तानं मीही कधी कधी बसायचो. फार कंटाळवाणी बैठक. दोघं बोलतच नसत.

एकदा पाळकांनी विचारलं, "देव तुमच्याबरोबर आहे, असं वाटतं?"

साहेबांनी दिव्याकडे हात केला. "आमच्या गावात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आता दहा उरले नाहीत, मंदिराला कुलूप. मुलगा म्हणतो, इकडे या. मी शुक्रवार आला की दिवा लावतो. वाटण्याचं मला विचारू नका."

पाळक म्हणाले, "मलाही नका विचारू."

मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की मी रिकामी बाटली तिथंच विसरून आलो.

मग साहेब रविवारी चर्चला येऊन मागच्या बाकावर बसू लागले. गुडघे दुखायचे म्हणून बाक, बाकी मंडळी सतरंजीवर. मी विचारलं, "साहेब, तुमी कसे काय इथं?" म्हणाले, "अरे, इथं दाविदाची स्तोत्रं मराठीत म्हणतात. माझे वडील म्हणायचे तीच. उधारीवर का होईना, ऐकायला मिळतात."

आणि पाळकांचं प्रवचन बदललं. आवाज तोच, मजकूर वेगळा. एका रविवारी त्यांनी बायबलातल्या पौलाचं झाडाच्या कलमाचं उदाहरण घेतलं. पौल सांगतो, की देवाचं झाड जुनंच आहे. त्याच्या बागेतल्या झाडावर त्यानं रानटी फांदी आणून बांधली, ते झाड म्हणजे इस्राएल लोक आणि ती रानटी फांदी म्हणजे आपण.

योसेफदादा बोरीच्या बागेचे मालक. त्यांना राहवेना. ते सतरंजीवरूनच म्हणाले, "साहेब, कलम उलटं झालं. रानबोरीच्या खुंटावर गोड बोरीचा डोळा बांधत्यात. गोड खुंटावर रानफांदी कोण बांधंल? बोरं बी तुरटच येतील."

"कोणी बांधणार नाही," पाळक म्हणाले. "त्यानं बांधली. म्हणून तिला दया म्हणायचं. पण दादा, बांधलेल्या फांदीनं खुंट उपटायची भाषा करू नये. खुंट गेला तर फांदी कशावर जगणार?"

मागच्या बाकावर साहेब छपराच्या पत्र्याकडे बघत होते.

दादांच्या डोक्यात मात्र भलतंच शिजत होतं. नवा जिल्हा झाला, म्हणून लातूरच्या मंडळीला मोठा दर्जा मिळावा, पक्कं चर्च मिळावं, अशी त्यांची धडपड. मंजुरी नांदेडच्या अधीक्षकांच्या हातात. ते या भागातल्या सगळ्या पाळकांचे वरचे साहेब, आणि या वर्षी उत्तम शुक्रवारी लातूरला येणार होते. त्यांच्यासमोर एका अस्सल इस्राएलाचा बाप्तिस्मा झाला तर लातूरचं नाव कुठल्या कुठं जाईल. दादा आधी थेट साहेबांकडेच गेले. मी कचेरीत होतोच.

"साहेब, तुमी येताच चर्चला. आता पाणी बी घ्या की. बाप्तिस्म्याचं म्हणतोय. समदा इंतजाम माझ्याकडं."

साहेबांनी टँकरचा तक्ता बाजूला सारला. "दादा, लातुरात प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही मला बुडवायला निघालात."

कारकून हसले, दादाही हसले. पण हसता हसता ते उठले ते सरळ पाळकांकडे गेले. त्या संध्याकाळी चर्चच्या ओसरीवर पंचांची बैठक बसली. मी ती योगायोगानं ऐकली असं सांगितलं असतं, पण मी भिंतीशी तेलाचा डबा उलटा टाकून त्यावर चढलो होतो.

"तुमचा शब्द ते ऐकतील," दादा म्हणत होते. "तुमी सांगा त्यांना. आन उत्तम शुक्रवारी ते आपलं नेहमीचं प्रवचन करा. अधीक्षकसाहेबांनी निरोप दिलाय. हे कलमाबिलमाचं त्यांच्या कानावर गेलंय. म्हणाले, पाळकाला हे मान्य नसंल तर पाळक बदलू."

"मी त्यांना सांगणार नाही. आणि ते प्रवचनही करणार नाही."

"का म्हून?"

"देवानं त्यांना टाकलं नाही. आमचं तीस वर्षं चुकलं."

दादांचा आवाज चढला. "मग आमी काय केलं, साहेब? ख्रिस्ती लिहिलं म्हणून माझ्या पोराची सवलत गेली, राखीव जागा गेली. गावानं टाकलं, भावकीनं टाकलं. आमी म्हणलं, असू दे, देवानं आपल्याला घेतलंय. आता तुमी म्हणता, त्यांचा करार चालूच हाय. नवा करार झाला की जुना रद्द होतोय. आडतीवर बी तसंच असतंय."

"आडतीवर रद्द करायला दोघं लागतात. देवानं कायमचा म्हणून दिला होता."

"त्यांनी पाळला न्हाई."

"नसेल. आपण कुठं पाळलाय?" पुढचं बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. "दादा, तुम्ही होता नांदेडला. सुलूच्या पेटीवर माती टाकताना मी एकच गोष्ट म्हणालो. की ती उठेल, कारण त्यानं शब्द दिलाय. आता तुम्ही मला सांगायला लावताय, की माणूस चुकला की देव शब्द फिरवतो. त्यांना दिलेला फिरवला. मग मला दिलेला कशावरून राहील? तसं असेल तर सुलू नुसती नांदेडच्या मातीत आहे. तेवढंच. मला हे सांगता येणार नाही."

दादांनी तपकिरीची डबी उघडली आणि तशीच मिटली. त्यांची धाकटी मुलगी रूथ लहानपणी तापानं गेली होती. चर्चच्या मागं तिची छोटी कबर आहे, आमच्या गच्चीवरून दिसते. पण दादा पंच होते, आणि पक्कं चर्च समोर होतं. ते उठले. "नांदेडला कळवावं लागंल," एवढंच म्हणाले.

मी डब्यावरून उतरलो तर आई अंगणात. "कशावरून चाललंय त्यांचं?" मी जमेल तसं सांगितलं. आईनं पदराआडचं स्वतःचं लिंग चाचपलं. आमच्यात मूल जन्मलं की गळ्यात लिंग बांधतात, ते माणसाबरोबर मातीतच जातं. "बांधलेलं कोण सोडतंय?" ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

उत्तम शुक्रवारी अधीक्षक जीपनं आले. सौम्य गृहस्थ, चष्मा, मऊ बोलणं. पाळकांशी आत थोडा वेळ बोलले. बाहेर आले तेव्हा ठरलं होतं, की प्रवचन अधीक्षक स्वतः करतील. मी साहेबांबरोबर मागच्या बाकावर बसलो होतो. मी साहेबांना म्हटलं होतं, की आज नका येऊ. ते म्हणाले, "मला सुटी आहे, आणि स्तोत्रं आहेत."

अधीक्षक छान बोलायचे, हे मान्य केलं पाहिजे. पत्रा तापला होता, बाया पदरानं वारा घेत होत्या, आणि ते त्या लोकांनी कसं नाकारलं ते सांगत होते. मग वाक्य आलं, की म्हणून देवानं त्यांना टाकून दिलं, आणि आज आपण त्याची प्रजा आहोत.

व्यासपीठाशेजारी पाळकांची खुर्ची होती. पाळक उठले. कोणाला वाटलं पाणी प्यायला चालले, कोणाला वाटलं चक्कर आली. सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढत ते चर्चच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आले. अधीक्षक बोलायचे थांबले. पाळक आमच्या बाकाशी आले, मी सरकलो, आणि ते नवगावकर साहेबांच्या शेजारी बसले. हात मांडीवर, नजर समोर.

साहेब हळूच म्हणाले, "तुमची खुर्ची गेली."

"हो," पाळक म्हणाले.

अधीक्षकांनी प्रवचन पुरं केलं. आरडाओरडा झाला नाही, कोणी कोणाला अपशब्द बोललं नाही. त्या वर्षी तेवढी ताकद कोणात नव्हती. आठवड्याच्या आत निरोप आला, की पाळकांनी देवणीच्या अलीकडे एका खेड्यात जावं. तिथं मंडळी म्हणून थोडीशी घरं, चर्च नाही, झाडाखाली उपासना. राहायची सोय त्यांनी त्यांची बघावी. ते पंचावन्नच्या पुढचे होते, स्वतःचं घर कुठंच नव्हतं. पाळकांनी खेड्यातल्या लोकांना निरोप पाठवला, की रविवारी संध्याकाळच्या उपासनेला येतो.

त्या रविवारी दुपारी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. नवगावकर साहेब आधीच आलेले. एक ट्रंक, एक वळकटी. आम्ही उभे होतो तेवढ्यात योसेफदादा जेवणाचा डबा घेऊन आले. मला तर वाटलं, आता तमाशा. दादांनी डबा ट्रंकेवर ठेवला आणि साहेबांकडे न बघता पाळकांना विचारलं, "खात्री हाय का तुमाला? शब्द फिरत न्हाई म्हणून?"

"आतून वाटणं म्हणत असाल तर ते माझ्याकडं नाही, दादा. सुलू गेल्यापासून आत काही हलत नाही. प्रार्थना करतो, तीही लाकडासारखी. वाटणं गेलं. मग हातात काय राहिलं, तर त्याचा शब्द. तो त्यानं पहिल्यांदा ज्यांना दिला ते कुठं दिसतात का, तेवढं बघायचं होतं." पाळकांनी साहेबांकडे हात केला. "हे आहेत. दर शुक्रवारी दिवा लावतात. मला तेवढं पुरतं."

"आन माझ्या रूथचं?"

"देव तोच आहे."

दादांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

देवणीकडची गाडी लागली, दिवसातली शेवटचीच. पाळक चढले, ट्रंक चढली, ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, आणि गाडी ढिम्म. दोनदा, तीनदा. कंडक्टरनं दारातून हाक दिली, "चला, धक्का मारा." स्टँडवरचे हमाल पाण्याच्या मागं गेलेले. मी अस्तन्या सरसावल्या. साहेबांनी दुखऱ्या गुडघ्यांनिशी पाठ लावली. दादांनी तपकीर झटकून दोन्ही हात टेकले. ज्या पंचानं पाळकांना घालवलं, तो, एक यहुदी आणि एक वाणी असे आम्ही ती गाडी ढकलत होतो, आणि ती वीतभरही हलेना. तेव्हा पाळक खाली उतरले. कोटासकट आमच्यामध्ये शिरले आणि खांदा लावला.

गाडी हलली, गचके खाल्ले आणि भडकन धूर सोडून सुरू झाली. ड्रायव्हर थांबेना. थांबला असता तर पुन्हा बंद पडली असती. गाडी फाटकाकडे निघाली आणि पाळक खाली.

ते पळाले. मी त्या माणसाला घाईनं चालतानाही कधी पाहिलं नव्हतं. लांब पाय, वाकलेली पाठ, कोटाची शेपटं वर उडालेली, एक वहाण मध्येच निघून पडली, ते तसेच पुढं. साहेबांनी धुरानं डोळे मिटून घेतले होते. फाटकापाशी कंडक्टरचा हात बाहेर आला, आणि मग धुळीत मला काही दिसेना.

"चढले का?" साहेबांनी विचारलं.

"चढले," योसेफदादा म्हणाले, आणि ती वहाण उचलायला गेले.